कुणी रागावणार नाही

त्या दिवशी सकाळपासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. हॉलमध्ये नवी बॅच येऊन बसली होती आणि मी आपली शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन फाटकाकडे बघत होते. समोर बसलेल्यांना वाटलं असेल, बाईंची गाडी कुणी उचलून नेली की काय. खडू हातात घेऊन मी खडूच शोधत होते. चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा गार झाला.

मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक आहे. आईबाप कोर्टात भांडायला लागले की त्यांच्या पोरांशी बोलणारी जी बाई असते ना, ती मी. माझ्या नवऱ्याला हा जगातला सगळ्यात मोठा विनोद वाटतो, कारण माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "दिवसभर पोरांशी मधासारखं बोलतेस, मग घरी आल्यावर काय होतं?" असं तो विचारतो. काय होणार? मध संपतो.

तर बोलण्याबरोबर शिकवणंही माझ्याकडेच. नवे वकील, बालकल्याण अधिकारी, शाळांमधले समुपदेशक, पोलीस, बदली होऊन आलेले न्यायाधीश, असे सगळे माझ्यासमोर बसतात आणि मुलाशी बोलायचं कसं ते शिकतात. त्यासाठी मी पाच वाक्यं तयार केलीत. तुला काय हाक मारलेली आवडेल? इथे बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नसतं. नको वाटलं तर नको सांगूस. ठरवायचं काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही. आणि पाचवं, माझं सगळ्यात लाडकं: तू काहीही बोललीस तरी कुणी रागावणार नाही. ही वाक्यं आवाज खाली आणून, मुलाच्या उंचीला बसून म्हणायची. आमच्या भागात मुलांशी बोलणारा एक माणूस असा सापडणार नाही ज्याला ती तोंडपाठ नाहीत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

आणि त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता तो 'चालेल'मुळे.

चालेल म्हणजे एक मुलगी. दहा वर्षांची, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ते दप्तर ती कोर्टात कधी काढत नसे, खुर्चीवर बसली तरी पाठीलाच. नाव तिला चांगलं होतं, पण आमच्या ऑफिसात सगळे तिला चालेलच म्हणायचे, कारण तिच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. बाबांबरोबर त्यांच्या नव्या गावी जाशील? चालेल. आईकडेच राहशील? चालेल. बिस्कीट खाशील? चालेल. नको असेल तर राहू दे. चालेल.

वडलांना दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली होती. शाळा सुरू व्हायच्या आत मुलीला तिकडे न्यायची परवानगी त्यांनी मागितली होती. आईचा सक्त विरोध होता. शाळेच्या समुपदेशकानं लिहून दिलं, मूल वडलांबरोबर जायला तयार आहे. बालकल्याण अधिकारी बाईंनी लिहिलं, मूल आईजवळ राहायला तयार आहे. दोघंही माझेच विद्यार्थी, आणि दोघंही खरंच सांगत होते. वकिलांचं सगळं म्हणणं मांडून झालं होतं. आता दुपारी जजमॅडम मुलीला स्वतः भेटणार, मी सोबत असणार, आणि लगेच निकाल. परवानगी मिळाली तर वडलांच्या गाडीत मुलीची बॅग भरून तयारच होती. मी तिला चार वेळा भेटले होते, आणि तिला काय हवंय ते मला अजिबात माहीत नव्हतं. वीस वर्षं हे काम करून!

त्यात भर म्हणजे त्याच जजमॅडम हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. नुकत्याच बदलून आलेल्या. आजवर चोऱ्यामाऱ्यांचे खटले चालवलेले, त्यामुळे त्यांनाही हे प्रशिक्षण सक्तीचं. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणं मोजकं, आणि चेहऱ्यावरची माशी हलणार नाही.

"आता करून बघू," मी म्हटलं. "एकजण मूल होईल, एकजण त्याच्याशी बोलेल. मूल कोण होतंय?"

मूल व्हायला कुणी तयार नसतं. मोठी माणसं लगेच बुटाच्या नाड्या बघायला लागतात. तेवढ्यात मागून जजमॅडम उठल्या, पुढे आल्या आणि लहान खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. त्यांच्याशी बोलायला मी एका तरुण वकिलाला उठवलं. याचं नाव मी मनातल्या मनात गोडबोल्या ठेवलं होतं, कारण हा पंख्याचं बटण कुठंय हेसुद्धा विचारायचा तर आधी माफी मागायचा.

गोडबोल्यानं काम मात्र झकास केलं. गुडघ्यावर बसला, आवाज खाली आणला, पाचही वाक्यं एकही शब्द न चुकता म्हटली. मग हळूच विचारलं, "आईबाबा वेगळे राहणार आहेत. तुला थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे असं आवडेल का?"

जजमॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. चालेल."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. मॅडमनी त्या मुलीला अजून पाहिलंही नव्हतं, तिला आम्ही काय म्हणतो हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

"का बरं म्हणालात चालेल?" मी विचारलं.

"तो इतका छान वागत होता," त्या म्हणाल्या. "त्याला वाईट वाटू नये म्हणून."

लोक हसले. गोडबोल्या लाजला. मी पण हसले आणि फळ्याकडे वळले, पण त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत.

"आणि ते शेवटचं वाक्य," त्या म्हणाल्या. "कुणी रागावणार नाही. तोवर माझ्या डोक्यात राग वगैरे काही नव्हतं. ते ऐकलं आणि वाटलं, म्हणजे इथे रागावण्यासारखं काहीतरी आहे. मग मी त्याला हवं ते बोलून टाकलं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! चार दिवस नाही झाले या बाईला येऊन, आणि मला शिकवतेय. "मॅडम, हे नाटक आहे," मी म्हटलं. "खरी मुलं वेगळी असतात. त्यांना त्या वाक्याचा आधार वाटतो. आजवर एकाही मुलानं तक्रार केलेली नाही."

"हो, करणार नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या आणि जाऊन जागेवर बसल्या.

मी जेवणाची सुट्टी दिली. वेळ झाली नव्हती, पण दिली.

डबा उघडायची इच्छाच झाली नाही. व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. मनातल्या मनात मॅडमशी भांडले, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकले, तरी बरं वाटेना. व्हरांड्याच्या एका टोकाच्या बाकावर मुलीची आई होती. हातातल्या रुमालाचा बोळा करून ती तिच्या वकिलाशी तावातावानं बोलत होती, मध्येच डोळे पुसत होती, मध्येच हसतही होती. दुसऱ्या टोकाला वडील. उंच, नीटनेटके, बुटांना पॉलिश. मला बघून ते उभे राहिले.

"बाई, तिच्या खोलीला रंग दिलाय," ते म्हणाले. "तिला आवडतो तो पिवळा. तिनं सांगितलं का तुम्हाला काही?"

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि परत बसले. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! कुणाला मारहाण नाही, व्यसन नाही. बायकोशी पटलं नाही, एवढंच. पोरीवर जीव होता त्यांचा, आणि तो दिसत होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगीच पाणी प्यायला गेले.

जजमॅडमच्या चेंबरमध्ये आम्ही तिघी बसलो. मॅडमनी काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला होता आणि टेबल सोडून त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. बोलायचं काम माझं होतं. चालेल दप्तरासकट खुर्चीच्या टोकावर बसली. मी खाली सतरंजीवर बसले, तिच्या उंचीला आले. गुडघा कुरकुरला. आवाज खाली आणला.

"इथे बरोबर उत्तर," मी सुरू केलं.

"चूक उत्तर असं काही नसतं," ती म्हणाली.

मी थबकले.

"नको वाटलं तर नको सांगूस," तीच पुढे म्हणाली, शाळेत पाढे म्हणतात त्या आवाजात. "ठरवायचं काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही. तू काहीही बोललीस तरी कुणी रागावणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शाळेतले सर पण हेच म्हणाले. त्या ऑफिसातल्या मॅडम पण. दोन्ही वकीलकाका पण. सगळे आधी खाली बसतात."

मी मॅडमकडे बघायचं टाळलं, कारण माझे कान तापले होते. सगळ्या जगानं मिळून या पोरीवर माझीच पाच वाक्यं फेकली होती, एकामागून एक, सगळ्यांनी सारख्याच आवाजात. काय म्हणावं आता!

"बरं," मी म्हटलं. "मग आपण तो भाग सोडून देऊ. बाबांच्या नव्या घरी जाण्याबद्दल तुला काय वाटतं?"

"चालेल."

"आणि आईकडेच राहायचं असं ठरलं तर?"

"चालेल."

बस्स. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं.

"चालेल काय चालेल!" मी ओरडले. खरंच ओरडले, घरी ओरडते तशी. "संध्याकाळी तू गाडीत बसून दुसऱ्या गावाला जाशील नाहीतर जाणार नाहीस, आणि तुला दोन्ही चालेल? बिस्कीट आहे का ते? अगं, एकदा तरी काहीतरी नको म्हण की!"

ती दचकली. खुर्चीत मागे सरकली, दप्तर खुर्चीच्या पाठीला टेकलं. मला तत्क्षणी वाटलं, संपलं, घालवलीस तू आपली नोकरी. जजमॅडम उठतील, मला बाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. पण त्या हलल्या नाहीत.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. चार भेटींत इतकं नीट तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही रागावलात," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "रागावले."

"तुम्ही म्हणालात कुणी रागावणार नाही."

"म्हणाले. खोटं होतं ते. रागावतात माणसं. मी तर फारच रागावते, माझ्या नवऱ्याला विचार."

मग तिनं विचारलं, "किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ रागावणार आहात?"

मला कळेना हसू की रडू. "झाला की," मी म्हटलं. "गेला. माझा एवढाच असतो."

"आईचा पण एवढाच असतो," ती म्हणाली. "आई खूप ओरडते. मग मी पण ओरडते. मग आम्ही दोघी चहा करतो." तिनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "बाबा ओरडत नाहीत. बाबा रागावले की बोलायचेच थांबतात. मागच्या वेळी मी म्हटलं, मला रविवारी मैत्रिणीकडे जायचंय, तुमच्याकडे नाही यायचं. तर ते बरं म्हणाले. आणि मग बोललेच नाहीत. जेवताना पण नाही. मी सगळी भाजी खाल्ली, कपडे घडी करून ठेवले, तरी नाही. कधी बोलायला लागतील ते सांगता येत नाही."

"मग तू काय करतेस?"

"मग मी नको म्हणतच नाही," ती म्हणाली. "बाबा चांगले आहेत. मला आवडतात. पण त्यांच्याशी भांडता येत नाही. भांडता येत नाही तिथे कसं राहायचं रोज?"

एवढंसं बोलणं. आमच्या सगळ्यांच्या कागदांत ते कुठेच नव्हतं. मी खाली सतरंजीकडे बघत राहिले. रडले असते तर पोरीला परत वाटलं असतं, हिलाही दुखवलं.

"मग तुला कुठे राहायचंय?" मी विचारलं.

"आईकडे. आणि सुट्टीत बाबांकडे." ती एका दमात म्हणाली, आणि लगेच दाराकडे बघितलं. "पण मी म्हटलं असं सांगू नका."

आता जजमॅडम उठल्या. खुर्ची ओढत आमच्याजवळ आणली. खाली बसल्या नाहीत, आवाजही बदलला नाही, कोर्टात बोलतात तशाच बोलल्या.

"निकाल मी देणार," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं ऐकलंय, बाबांचं ऐकलंय, आता तुझं ऐकलं. सगळं मिळून मी ठरवणार आणि मी ठरवलं असंच सांगणार. बाबा रागावले तर माझ्यावर रागावतील. मला पगारच त्याचा मिळतो."

मुलीला पहिल्यांदा हसू आलं. अर्धंच आलं, पण आलं.

त्याच दुपारी निकाल झाला. परवानगी नाकारली, मुलगी आईकडे राहील, सुट्ट्या वडलांकडे. मॅडमनी मुलीचं नावसुद्धा घेतलं नाही. आईनं रुमाल तोंडाला लावला. वडलांनी नुसतं ऐकलं, बरं म्हणाले, आणि बाहेर जाऊन आपल्या त्या बाकावर बसले.

मी मुलीला घेऊन व्हरांड्यात आले. आई तिच्याकडे धावत येत होती, पण मुलीनं माझा हात सोडला आणि उलट्या बाजूला चालायला लागली. वडलांच्या बाकाकडे. मी मागोमाग निघाले, तर कुणीतरी माझा दंड धरला. जजमॅडम दारात उभ्या होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या.

थांबा म्हणे! तिथून सगळं ऐकू येत होतं.

मुलगी वडलांच्या शेजारी बसली. दप्तर पाठीलाच. वडील समोर बुटांकडे बघत होते.

"बाबा," ती म्हणाली. "मॅडमनी उगीच नाही ठरवलं. मी सांगितलं त्यांना."

वडील काही बोलले नाहीत. व्हरांड्यातून कुणी फाइलींची गाडी ढकलत नेली, ती जाईपर्यंतही बोलले नाहीत. मुलीचा चेहरा उतरत चालला. मी बघत होते, तिचे ओठ तो शब्द म्हणायला तयार होत होते, काहीही चालेल म्हणायला, गाडीत बसायला, पिवळ्या खोलीत जायला. मला वाटलं पळत जावं आणि त्या माणसाला गदागदा हलवावं. अरे बोल रे बाबा! काहीही बोल!

पण ती तो शब्द बोलली नाही. तिनं मान वर केली.

"रागावलात?" तिनं विचारलं.

त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, परत खाली आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. आवाज फाटला होता.

"खूप?"

"खूप गं. खूप रागावलोय."

मुलीनं मोठा श्वास सोडला. एक पट्टा खांद्यावरून काढला, मग दुसरा, आणि दप्तर दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि त्यांचा राग जाईपर्यंत तिथेच बसून राहिली.